धास्तीचं शहर आणि हातातलं बटण

नालासोपाऱ्यात राहणारा आणि चर्चगेटला कामाला जाणारा माणूस कित्येकदा सकाळी आधी विरारला जातो. ऑफिस दक्षिणेला, हा निघतो उत्तरेला. विरारला पोचलेली गाडीच पुन्हा चर्चगेटकडे सुटते आणि हा आतच खिडकीशी बसून राहिलेला असतो. डोंबिवलीकर याच हिशेबाने कल्याण गाठतात. वेळेच्या दृष्टीने व्यवहार तोट्याचा. प्रवास लांबतो, पास पुढच्या स्टेशनपर्यंतचा काढावा लागतो, नाहीतर टीसी गाठतो. तरी माणसं वर्षानुवर्षं हे करतात आणि बाहेरगावहून आलेल्या पाहुण्याला त्यांचं डोकं फिरलंय असं वाटतं.

त्यांचं डोकं ठिकाणावर आहे, असं सांगणारा एक अभ्यास 1976 साली स्वीडनमध्ये प्रसिद्ध झाला. उल्फ लुंडबर्ग या मानसशास्त्रज्ञाने रेल्वेने स्टॉकहोमला कामाला जाणाऱ्या प्रवाशांच्या लघवीतलं अ‍ॅड्रेनलिनचं प्रमाण मोजलं. शरीर ताणाखाली असलं की हे संप्रेरक वाढतं. काही प्रवासी निनेसहाम्न या पहिल्या स्टेशनवर चढणारे होते, त्यांचा प्रवास सव्वा तासाच्या आसपासचा. काही मधल्या स्टेशनवर चढणारे, त्यांचा प्रवास जवळजवळ निम्मा. ताण जास्त निघाला तो मधे चढणाऱ्यांचा. पहिल्या स्टेशनवरच्या माणसाला रिकाम्या डब्यात हवी ती जागा निवडता येत होती, ओळखीच्यांसोबत बसता येत होतं. मधे चढणाऱ्याला जे उरेल ते घ्यावं लागत होतं. अभ्यास चालू असतानाच तेलटंचाईमुळे स्वीडनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग झालं, गाड्यांतली गर्दी वाढली आणि प्रवाशांचं अ‍ॅड्रेनलिनही वाढलं. आता ही स्वीडनची गर्दी. आपल्याकडे रेल्वेने ज्या गर्दीला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं नाव दिलंय, तिच्यात एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात. लुंडबर्गसाहेबांना सकाळी साडेआठला दादरच्या पुलावर उभं करायला हवं होतं.

याच धाटणीचा एक प्रयोग अमेरिकेत डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी केला होता. 1972 साली ‘अर्बन स्ट्रेस’ या पुस्तकात तो आला. लोकांना खोलीत बसवून काम दिलं आणि कानठळ्या बसवणारा आवाज ऐकवला: टाइपरायटर, छपाईचं यंत्र, परक्या भाषांतली बडबड, सगळं एकात एक कालवलेलं. काही जणांच्या हाताशी एक बटण होतं. अगदीच असह्य झालं तर दाबा, आवाज थांबेल. पण न दाबलंत तर बरं, असं त्यांना सांगितलं होतं. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. म्हणजे दोन्ही गटांनी आवाज सारखाच सोसला. नंतर मात्र सगळ्यांना न सुटणारी कोडी आणि मुद्रितशोधनाचं काम दिलं, तेव्हा बटणवाले चिकाटीने टिकले, त्यांच्या चुका कमी झाल्या आणि बिनबटणवाले लवकर खचले.

शहरातल्या ताणाबद्दल गेल्या शंभर वर्षांत जे काही लिहिलं गेलं, त्यात मला हे दोन अभ्यास सर्वांत कामाचे वाटतात. माणूस खचतो तो नुसत्या गर्दीने किंवा कामाच्या ढिगाने नाही. पुढच्या तासाला काय होईल याचा अंदाज नाही आणि जे होईल त्यावर आपला काही इलाज चालत नाही, हे त्याला खातं. मेगाब्लॉक कधी संपेल कळत नाही. घरमालक करार वाढवेल का, ठाऊक नाही. रात्री साडेदहाला साहेबांचा ‘उद्या बोलू’ एवढाच मेसेज येतो आणि पुढे काही नाही. स्वतःची काळजी घेण्याचे जे असंख्य उपाय सध्या विकले जातात, ते जोखायला ही एक चांगली कसोटी आहे: या उपायाने माझ्या हातात खरंखुरं बटण येतंय का?

आता शरीरात काय घडतं ते पाहू. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी क्ष-किरणांखाली मांजरांची पचनक्रिया तपासताना एक गोष्ट टिपली होती. मांजर घाबरलं की त्याच्या जठराची हालचाल थांबते. या धाग्यावरून त्यांनी पुढे बरंच संशोधन केलं आणि 1915 साली पुस्तक लिहिलं. संकट दिसलं की प्राण्याचं शरीर दोनच गोष्टींची तयारी करतं, लढायची किंवा पळायची. मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोक्याची वर्दी देतो, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात, हृदयाचे ठोके जोरात पडू लागतात, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं, तळहातांना घाम फुटतो. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे संप्रेरक येतं आणि साखर रक्तात उपलब्ध ठेवतं. परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येणं, मुलाखतीआधी तीन वेळा बाथरूमला जाणं, तोंडाला कोरड पडणं, ही सगळी याच यंत्रणेची कामं. यात बिघडलेलं काही नाही.

अडचण अशी, की ही यंत्रणा थोड्या वेळासाठी बनलेली आहे. वाघ आला, पळालात, वाचलात किंवा नाही वाचलात; दोन्ही परिस्थितींत मामला दहा मिनिटांत मिटतो. गृहकर्जाचा हप्ता वीस वर्षं मिटत नाही. अप्रेझल वर्षातून एकदा होतं, पण त्याची धाकधूक बारा महिने. हान्स सेली यांनी 1936 साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की त्रास कुठलाही असो, थंडी, जखम, अतिश्रम, तो लांबला की शरीरावर उमटणाऱ्या खुणा बऱ्याचशा सारख्या असतात. ‘स्ट्रेस’ या शब्दाला आजचा अर्थ मिळाला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. सततच्या सज्जतेत झोप उडते, मान आणि जबडा आवळलेला राहतो, पित्त वाढतं, माणूस चिडका होतो. घरचे म्हणतात, हल्ली याच्याशी बोलायची सोय नाही.

शहरी मेंदू खरंच वेगळा वागतो का, हे जर्मनीतल्या मानहाइम इथे आंद्रेआस मायर-लिंडेनबर्ग यांच्या गटाने तपासलं. त्यांचा निबंध 2011 साली ‘नेचर’मध्ये आला. लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून घड्याळ लावून गणितं सोडवायला दिली आणि वर हेडफोनमधून त्यांना ‘तुम्ही फार मागे पडताय’ अशी बोलणी ऐकवली. शहरात राहणाऱ्यांचा अमिग्डाला खेड्यांतल्यांपेक्षा जास्त पेटला. जे शहरात लहानाचे मोठे झाले होते, त्यांच्यात अमिग्डालाला आवरणाऱ्या भागाच्या कामातही फरक दिसला. यावरून शहर माणसाला आजारी पाडतं असा थेट निष्कर्ष काढता येत नाही. शहरात कोण येतं, कशासाठी येतं, याचाही हिशेब धरावा लागतो. पण आकडेही त्याच दिशेला बोट दाखवतात. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने 2015-16 मध्ये देशातल्या बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. महानगरांत मानसिक आजारांचं प्रमाण खेड्यांपेक्षा आणि लहान शहरांपेक्षाही ठळकपणे जास्त आढळलं. बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणजे मुंबई-पुण्याचं चित्र त्यात आलेलंच नाही. त्याच पाहणीचा आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा: निरनिराळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नव्हते.

थोडी काळजी मात्र हवीच. कंपन्यांच्या प्रशिक्षणात उलट्या यू अक्षरासारखा एक आलेख हमखास दाखवतात: ताण वाढला की काम सुधारतं, एका टोकानंतर घसरतं. त्याचं मूळ रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांच्या 1908 सालच्या प्रयोगात आहे. तो प्रयोग विजेचे झटके दिलेल्या नाचऱ्या जातीच्या उंदरांवर झाला होता, हे सांगायचं प्रशिक्षक सहसा विसरतात. ढोबळ मुद्दा तरीही पटण्यासारखा आहे. गाडी चुकेल या काळजीने आपण वेळेवर निघतो. काळजी काम करून घेत असेल तोवर ती घरचं माणूस आहे.

मग ती आजार कधी होते? डॉक्टर साधारण तीन गोष्टी पाहतात: किती दिवस, किती आवरते, किती अडते. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ बहुतेक दिवस कशाची ना कशाची चिंता चालूच आहे, ठरवूनही थांबवता येत नाही, सोबत थकवा, अस्वस्थता, अंगदुखी, लक्ष न लागणं, झोपेचं खोबरं, आणि यामुळे काम किंवा संसार अडायला लागलाय, तर त्याला सर्वसाधारण चिंताविकार म्हणतात. थायरॉइडचं काम वाढलं किंवा हिमोग्लोबिन उतरलं तरी छातीत धडधड होते, म्हणून चांगला डॉक्टर आधी रक्त तपासतो.

पॅनिक अटॅक हे प्रकरण वेगळं आणि फार भीतिदायक. भर गर्दीत, अंधेरी सोडल्यावर, अचानक छाती धडधडते, श्वास पुरत नाही, हातापायाला मुंग्या येतात, आता आपण मरणार किंवा आपल्याला वेड लागणार अशी खात्री वाटते. काही मिनिटांत लाट टोकाला जाते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तोवर माणूस कॅज्युअल्टीत पोचलेला असतो. ईसीजी नॉर्मल निघतो, ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ असं सांगून घरी पाठवतात. इथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी. छातीत पहिल्यांदाच दुखलं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, तर ते ‘टेन्शन’ असेल असं स्वतः ठरवू नये. हृदय तपासून घ्यावं. हृदय ठीक निघाल्यावर मात्र दरवेळी नवा कार्डिओलॉजिस्ट शोधत फिरू नये.

मुंग्या आणि चक्कर यांचं कारण साधं असतं. घाबरून आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको तितका बाहेर टाकला जातो आणि त्याने डोकं हलकं होतं, बोटं बधिरतात. त्या बधिरतेने माणूस आणखी घाबरतो आणि आणखी भराभर श्वास घेतो. हे ठाऊक असणं हेच अर्धं औषध, कारण ‘मला काहीतरी भयंकर होतंय’ याऐवजी ‘माझा श्वास चढलाय’ एवढंच उरतं. दुसरं अर्धं औषध म्हणजे श्वास सोडण्याचा वेळ वाढवणं. श्वास सोडताना व्हेगस या मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाची गती किंचित उतरते. म्हणून लांब उच्छ्वास लांब श्वासापेक्षा जास्त उपयोगी. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटाने 2023 मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. नाकाने श्वास, त्यावर आणखी एक छोटा श्वास, मग तोंडाने सावकाश लांब उच्छ्वास, असं रोज पाच मिनिटं महिनाभर करणाऱ्यांची मनःस्थिती नुसत्या ध्यानाला बसणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. चिंता दोन्ही गटांत कमी झाली. भ्रामरी करणाऱ्या आजीबाईंना यात नवल वाटणार नाही, त्याही लांब उच्छ्वासच करत असतात. याला मांडी घालून बसावं लागत नाही, पैसे पडत नाहीत आणि शेजारच्याला कळतही नाही. गर्दीच्या डब्यात यापेक्षा सोयीचं बटण मला माहीत नाही.

पण अटॅक येऊन गेल्यानंतर जे घडतं ते अटॅकपेक्षा वाईट. माणूस ती गाडी टाळतो. मग सगळ्याच फास्ट गाड्या टाळतो, कारण त्या मधे थांबत नाहीत. मग स्लो गाडीतही दारापाशीच उभा राहतो. मग ओला-उबर, मग घरून काम, मग घरच. प्रत्येक टाळण्याने त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं आणि ते सुटल्यासारखं वाटणंच भीतीला खतपाणी घालतं. मेंदू शिकतो, की वाचलो ते टाळल्यामुळे. टाळणं हे खोटं बटण आहे. दाबलं की आवाज थांबतो, पण पुढच्या खेपेला तो जास्त मोठा होऊन येतो.

यावरचा उपाय उलटा आहे आणि ऐकायला क्रूर वाटतो. ज्याची भीती वाटते तिथे ठरवून, पायरीपायरीने जायचं आणि भीती आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. आधी दुपारच्या रिकाम्या स्लो गाडीने एक स्टेशन, सोबत कुणीतरी. मग एकट्याने. मग दोन स्टेशनं. मग गर्दीच्या वेळी. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला इतके घाबरत, की त्यांनी स्वतःला शिक्षाच लावली. ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी बसलेली कुणीही दिसली की बोलायचंच. शंभरेक जणींशी ते बोलले. प्रेमप्रकरण एकही जमलं नाही, पण भीती गेली. पुढे 1955 च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली: घटना माणसाला थेट अस्वस्थ करत नाही, घटनेबद्दलचा आपला हट्टी समज अस्वस्थ करतो. ‘प्रमोशन मिळालं तर बरं’ इथवर ठीक. ‘मिळालंच पाहिजे, नाहीतर माझी किंमत शून्य’ इथे गाडी रुळावरून घसरते. मराठी माणसाला एलिस परके नाहीत. कि. मो. फडके यांनी त्यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार केला आणि ही पद्धत भारतात रुजवली, अंजली जोशी यांनी एलिसवर मराठीत पुस्तकं लिहिली, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच या मानसिक आरोग्यसंस्थेत 1990 पासून या विचारावर काम चालतं.

चिंतेच्या बाबतीत आणखी एक पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. पेनसिल्व्हेनियातल्या थॉमस बोर्कोवेक यांच्या गटाने 1983 साली ती तपासली. काळजी करू नकोस, असं कुणी सांगितलं की काळजी थांबत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बोर्कोवेक म्हणाले, करा, पण वेळ ठरवून. दिवसातला ठरावीक अर्धा तास, ठरावीक जागा. बाकी वेळी चिंता डोक्यात आली की तिला सांगायचं, संध्याकाळी सहाला ये. चिठ्ठीवर एक शब्द टिपायचा आणि हातातल्या कामाकडे वळायचं. सहा वाजता बसून ती चिठ्ठी खरोखर काढायची आणि मनसोक्त काळजी करायची. गंमत अशी, की सकाळच्या निम्म्या चिंता संध्याकाळपर्यंत शिळ्या झालेल्या असतात. ज्या उरतात त्यांच्यापुढे दोनच रकाने: यावर मी उद्या काही करू शकतो का, करता येण्यासारखं असेल तर काय, नसेल तर ते वेगळं लिहायचं. वन आरकेच्या घरात सासू-सासरे, मुलं आणि टीव्ही यांच्यामधे चिंतेला स्वतंत्र जागा कुठून आणायची, हा प्रश्न रास्त आहे. बिल्डिंगची गच्ची चालते. संध्याकाळची परतीची गाडीही चालते, ठाण्यापर्यंत काळजी, ठाण्यानंतर बंद. ही वेळ झोपण्याच्या तोंडावर मात्र ठेवू नये.

झोपेबद्दल सगळे बोलतात, म्हणून मी दोनच गोष्टी सांगतो. चहा-कॉफीतलं कॅफिन अर्धं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या कटिंगमधलं निम्मं कॅफिन रात्री अकराला रक्तात असतं, आणि कॅफिनमुळे होणारी धडधड चिंतेच्या धडधडीपेक्षा वेगळी ओळखू येत नाही. ज्यांना आधीच घालमेल होते त्यांनी आठवडाभर दुपारनंतर चहा बंद करून पाहावा. कधी कधी एवढ्यानेच भागतं. दुसरी गोष्ट आवाजाची. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मर्यादा 45 डेसिबलची आहे. ती रोज मोडली जाते आणि आपण ‘शहरात हे चालायचंच’ म्हणून कानात बोळे घालतो. 112 वर तक्रार करणं हेही स्वतःची काळजी घेणंच आहे.

व्यायामाचा फायदा नुसता ‘फ्रेश वाटतं’ एवढा नसतो. जिना चढताना छाती धडधडते, घाम येतो, दम लागतो, आणि पाच मिनिटांत सगळं शांत होतं. ज्याला धडधडीचीच भीती बसली आहे, त्याच्या मेंदूला ही उजळणी मिळते: धडधड म्हणजे मरण नव्हे. हिरवाईचंही तसंच. ब्रिटनमध्ये सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून 2019 साली दिसलं, की आठवड्यातून दोन तास निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि समाधान जास्त चांगलं असल्याचं सांगतात. दोन तास एकदम असोत की तुकड्यातुकड्यांनी. कारण-परिणाम सिद्ध झालेला नाही, पण तोट्याचा सौदा नक्कीच नाही. शंभर चौरस किलोमीटरहून मोठं राष्ट्रीय उद्यान पोटात असलेली महानगरं जगात मोजकीच आहेत. बोरिवलीला उतरणाऱ्या किती जणांना त्याची फक्त पाटी माहीत असते!

आणि माणसं. लोकलमधले ग्रुप हा मुंबईचा स्वतःचा शोध आहे. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, कुणी पत्ते काढतो, कुणी टाळ. बायकांच्या डब्यात मटार सोलता सोलता सासूपासून शेअर बाजारापर्यंत सगळं निघतं, दसऱ्याला डब्याला हार चढतो. एक दिवस गेला नाहीत तर चार फोन येतात. चिंता माणसाला पटवते, की हे फक्त तुलाच होतंय. समोरचा म्हणाला, ‘अरे, मलापण मागच्या वर्षी असंच व्हायचं’, की तिचा आवाज निम्मा होतो. हेडफोन घालून बसणाऱ्या पिढीने यातलं काय गमावलंय, हा वेगळा विषय.

आता बाजारातल्या उपायांविषयी. सुगंधी मेणबत्त्या, स्पा, पन्नास मिनिटांचा साउंड बाथ यांना माझा विरोध नाही, बरं वाटतं. कसोटीवर मात्र ते फारसे उतरत नाहीत, कारण सोमवारची सकाळ त्यांनी बदलत नाही. काही गोष्टी उघड नुकसान करतात. दारूने संध्याकाळ सैल होते, पण ती उतरताना पहाटे तीनला धडधडत जाग येते. मामांना लिहून दिलेली अल्प्राझोलम ही चिंतेवरची गोळी आपण घेणं त्याहून धोक्याचं. या गोळ्या तासाभरात काम करतात म्हणूनच त्यांची सवय लागते आणि अचानक थांबवल्या तर त्रास दुपटीने परततो. आणि शनिवारी सुट्टीच्या दिवशी सक्तीने घेतलेलं ‘ताणमुक्ती’चं वेबिनार! त्यावर काय बोलायचं?

औषधांना घाबरण्याचं मात्र कारण नाही. चिंताविकारात आज प्रामुख्याने दिली जाणारी एसएसआरआय गटातली औषधं झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांची नशा होत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ किंवा अस्वस्थता वाढू शकते, आणि नेमकी तेव्हाच माणसं ती स्वतःहून सोडतात. सुरू करणं आणि थांबवणं, दोन्ही डॉक्टरांना विचारूनच करावं. वर्तन आणि विचार बदलणाऱ्या मानसोपचाराचा गुणही तितकाच पक्का आहे. कित्येकांना दोन्ही मिळून लागतात. खासगी बैठकांचे दर परवडत नसतील तर केईएम, नायर, सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. रांग असते, पण नंबर लागतो. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठीही शारीरिक आजारांसारखंच संरक्षण देणं बंधनकारक केलंय. पॉलिसी काढून एकदा वाचा.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. काही बटणं कर्मचाऱ्याच्या हातात नसतातच, ती मालकाच्या आणि सरकारच्या हातात असतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या 2021 च्या अहवालानुसार आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त असतो. अशा माणसाला दीर्घ श्वास घ्यायला सांगणं ही थट्टा आहे. फ्रान्समध्ये 2017 पासून कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलपासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी असंच खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. तोवर जे टीम चालवतात त्यांच्यासाठी एक फुकटचा उपाय: रात्री ‘उद्या बोलू’ एवढंच पाठवू नका. काय बोलायचंय ते एका ओळीत लिहा, नाहीतर सकाळीच पाठवा. समोरच्याची अख्खी रात्र वाचते.

आणि ज्यांना हे वाचताना स्वतःचंच वर्णन वाटलं, त्यांच्यासाठी: केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. नंबर 14416. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. फोन करण्यासाठी आजार सिद्ध करावा लागत नाही. जगणं नकोसं वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर आजच करा. तशी गेली नसेल तरी नंबर आत्ता मोबाईलमध्ये ठेवा, स्वतःसाठी नाही तर डब्यातल्या शेजाऱ्यासाठी.